टिकून राहण्याचे मोल

दलित आत्मकथनांवरची परीक्षणे मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. १९७८ साली 'बलुतं' आले. त्यामागून 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं', 'उचल्या' अशी पुस्तके येत गेली आणि त्यांच्याबरोबर परीक्षणांचा एक साचाही तयार होत गेला. त्या साच्यात एक शब्द हमखास सापडतो : चिवटपणा. कधी तो 'दुर्दम्य जिजीविषा' असा भरजरी वेष घालून येतो, कधी 'जगण्याची विलक्षण जिद्द' असा साध्या कपड्यांत येतो. पण सांगणे एकच. एवढे सोसले, एवढे तुडवले गेले, तरी ही माणसे मोडली नाहीत, धन्य त्यांची! पांढरपेशा समीक्षक हे मनापासून लिहितो याविषयी मला शंका नाही. मला शंका आहे ती त्या शब्दाविषयी. एखाद्याच्या टिकून राहण्याचे कौतुक सुरू झाले की त्याला काय सोसावे लागले, ते कोणी सोसायला लावले आणि का, हे प्रश्न मागे पडतात. किंबहुना ते प्रश्न विचारावे लागू नयेत म्हणूनच हे कौतुक उपयोगी पडते.

आता हाच शब्द दुसऱ्या दाराने आला आहे. सरकारी योजना, स्वयंसेवी संस्थांचे अहवाल, कार्यकर्त्यांची शिबिरे, सगळीकडे 'रेझिलियन्स' हा शब्द ऐकू येतो. वस्ती किती 'रेझिलियंट' आहे, कुटुंब किती 'रेझिलियंट' आहे, हे मोजण्याचे तक्ते निघाले आहेत. आमच्या भागातल्या एका कार्यकर्त्याने असा एक तक्ता मला दाखवायला आणला होता. मजुरी बंद पडली तर कुटुंब किती दिवस तग धरेल, घरात किती दिवसांचे धान्य आहे, अडचणीत किती नातेवाइकांकडे जाता येईल, अशा रकान्यांनी तो भरला होता. मजुरी कोण बंद करतो, याला मात्र रकाना नव्हता. चळवळीतील तरुण असे तक्ते भरू लागले आहेत, शिक्षक वर्गात 'जिद्द' शिकवीत आहेत. म्हणून या शब्दाची नीट झडती घ्यावी असे मला वाटते.

झडती वस्तूंपासून घेतलेली बरी, कारण हे शब्द मुळात वस्तूंचे आहेत. बिडाचा तवा टणक असतो. त्याला पोचा येत नाही, पण फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात. घायपाताचा वाख चिवट असतो. ओढा, पिळा, ताणा, सहजी तुटत नाही. बांबूची कांब लवचिक असते. वाकवून सोडली की पुन्हा सरळ होते. टणक, चिवट, लवचिक हे तीन वेगळे गुण आहेत आणि पुस्तके लिहिणाऱ्यांनी त्यांची गल्लत केली तरी बुरुडाने, चांभाराने, मांगाने ती कधीच केलेली नाही. तशी गल्लत करून त्यांचा एक दिवसही भागला नसता. मोटेचा नाडा घ्या. त्यातला कोणताही वाख नाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला नसतो. हातभर, दोन हात लांबीचे ते तंतू. पण पीळ असा दिलेला असतो की प्रत्येक तंतू शेजारच्याला आवळून धरतो आणि भार सगळ्यांत वाटला जातो. एक तुटला तर त्याचा भार भोवतालचे उचलतात. शिवाय नाडा एकदम तुटत नाही; आधी त्याला कुसळे सुटतात, तो झिजल्याचे डोळ्यांना दिसते. साखळीचे तसे नाही. शंभर कड्यांतली एक कच्ची असली की साखळीचे बळ त्या एका कडीएवढेच. म्हणजे नाड्याची मजबुती एकट्या वाखात नसते. ती रचनेत असते, भाराच्या वाटणीत असते. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट अशी की कोणतीही वस्तू नुसती मजबूत नसते. ती कशापुढे तरी मजबूत असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेली गावे झोपेतच गाडली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत वेगवेगळ्या गणतींप्रमाणे आठ ते दहा हजार माणसे मेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा धक्का मध्यम होता. माणसे मारली ती घरांनी. दोन-तीन फूट, कोठे त्याहूनही जाड अशा दगडी भिंती, दोन अंगांना दगड आणि मध्ये भर, बांधणी मातीची, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड नाही, आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचा टनावारी बोजा. या घरांत पिढ्या गेल्या. चोराला, उन्हाला, आगीला त्यांनी दाद दिली नाही. ज्याची भिंत जाड त्याचे घराणे मोठे. त्या पहाटे तीच भिंत दोन अंगांनी फुटली आणि तिने आपल्या धन्याला दाबून टाकले. कुडाची, पाचटाची, पत्र्याची हलकी घरे मात्र हलली आणि बहुतांशी उभी राहिली; जेथे पडली तेथेही तिने माणसे कमी मारली.

हे वाचून कोणी म्हणेल, पाहा, गरिबाची झोपडीच खरी मजबूत ! असे काव्यमय निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर निघतात. त्याला मी १९७८ सालची आठवण देईन. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतरच्या दिवसांत याच मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरे पेटवली गेली. भूकंपात उभे राहणारे कुडाचे घर एका काडीने पेटते. दगडी वाडा काडीने पेटत नाही. झोपडी भूकंपापुढे मजबूत, शेजाऱ्यापुढे नाही. तेव्हा 'हे किती टिकाऊ आहे ?' हा प्रश्नच अर्धा आहे. कशापुढे, आणि ते संकट कोठून येते, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. भूकंप जमिनीतून येतो. आग गावातून येते.

वस्तूकडून व्यवस्थेकडे जायला किल्लारीच उपयोगी पडते. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. जुने गाव गेले होते. वाडा गेला, वेस गेली, गल्ल्या गेल्या. कोरी जमीन आणि जागतिक बँकेच्या कर्जासह उभा राहिलेला पैसा हाताशी होता. नवे गाव कसे असावे हे ठरवण्याची अशी संधी इतिहासात फार थोड्यांना मिळते. घरांचे तीन वर्ग ठरले आणि ते ठरले जमिनीच्या मालकीवर. भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनमालकाला ७५०. भूकंपात ज्याचे घर पडले त्याचे दुःख चौरस फुटांत सारखे नसते, असा याचा अर्थ होतो. पूर्वीच्या झोपडीपेक्षा २५० फुटांचे पक्के घर केव्हाही चांगले, हे मला मान्य आहे आणि ज्याला ते मिळाले त्याने ते आनंदाने घेतले असेल. पण दगडांची रचना कोसळली आणि माणसांची रचना मात्र एक आणि तीन या प्रमाणासह जशीच्या तशी नव्या नकाशावर उतरली, हे विसरता येत नाही. भूकंपाने भिंती पाडल्या. भिंती ज्यामुळे जाड-बारीक होत्या ते पडले नाही. उलट ते आता भूकंपरोधक बांधकामात आले.

'रेझिलियन्स' या शब्दाचा शास्त्रीय अर्थ नेमका हाच आहे. १९७३ साली सी. एस. हॉलिंग या परिस्थितिशास्त्रज्ञाने या विषयावर एक निबंध लिहिला आणि पुढची सगळी चर्चा त्याच्यावर उभी राहिली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एखादी व्यवस्था धक्क्यानंतर किती लवकर स्थिर होते हा एक प्रश्न, आणि धक्के पचवूनही तिच्यातले परस्परसंबंध टिकतात की नाही हा निराळा प्रश्न. दुसऱ्या गुणाला तो 'रेझिलियन्स' म्हणतो. वरवर खूप उलथापालथ होईल, संख्या कमीजास्त होतील, पण संबंध टिकले तर व्यवस्था टिकली. यात चांगलेवाईट काही नाही. शास्त्रज्ञाने ते म्हटलेही नव्हते. गढूळ, शेवाळाने भरलेले तळेदेखील असेच चिवट असते. बाहेरून येणारे सांडपाणी बंद केले तरी ते वर्षानुवर्षे साफ होत नाही, कारण आधीची घाण तळाच्या गाळात साठलेली असते आणि गाळ ती पाण्यात सोडत राहतो. गाळ उपसल्याशिवाय त्या तळ्याचा चिवटपणा मोडत नाही. जंगल चिवट असते तसे गटारही चिवट असते. शब्दाचे कौतुक करणाऱ्यांनी जंगल तेवढे पाहिले.

जातिव्यवस्थेइतकी या अर्थाने चिवट व्यवस्था मला तरी दुसरी दिसत नाही. ती टणक आहे असे आपण समजतो, ते चूक आहे. टणक असती तर एव्हाना फुटली असती. तिने रेल्वे पचवली, गिरण्या पचवल्या, मतदान पचवले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा तिने पचवला. १९९३ साली, किल्लारीच्याच वर्षी, हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा झाला. तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा झाला. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये द्या म्हटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला ती रक्कम तीस लाख करावी लागली. रक्कम वाढवावी लागते याचाच अर्थ माणसे गटारात उतरत आहेत. डोक्यावरची पाटी गेली, संबंध राहिला. आणि हा चिवटपणा कोठून येतो हेही बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. ही विषमता नुसती वर आणि खाली अशी नाही, ती श्रेणीबद्ध आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी आहे तसे प्रत्येकाच्या पायाखालीही कोणीतरी आहे. त्यामुळे सगळे मिळून उठत नाहीत. धक्का कोठेही बसो, तो एक पायरी खाली ढकलता येतो. तळ्याच्या गाळासारखी ही गोष्ट आहे, आणि कायदे बहुतेक वेळा पाण्याच्या पृष्ठभागाविषयी असतात.

टिकण्याच्या कौतुकाला या देशात जुनी परंपरा आहे. १८३० साली चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांवर एक टिपण लिहिले. खेडी ही छोटी प्रजासत्ताके आहेत. राजवटी येतात आणि जातात, क्रांत्या होतात, पण खेडे तसेच राहते. लूटमार झाली तर लोक पळून जातात आणि शांतता झाली की परत येऊन आपापल्या बापजाद्यांच्या जागा धरतात, असा त्याचा आशय. पुढे शंभर वर्षे आपल्या राष्ट्रवाद्यांनी हे टिपण प्रमाणपत्रासारखे मिरवले. मेटकाफला खेडे बाहेरून दिसले. परत येऊन जो तो आपापली जागा धरतो, यातली 'जागा' म्हणजे काय हे त्याला विचारावेसे वाटले नाही. पाटील वाड्यात परत येतो, कुलकर्णी दप्तरावर परत येतो आणि महार गावकुसाबाहेर परत येतो. पूर्वस्थितीला येणे यालाच जर सामर्थ्य म्हणायचे, तर पूर्वस्थिती कोणाची हे सांगावे लागेल.

बाबासाहेबांनी हा हिशेब दोनदा चुकता केला. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांच्यासमोर डॉ. राधाकृष्णन यांचा युक्तिवाद होता : हिंदू संस्कृती हजारो वर्षे टिकली, म्हणून तिच्यात काही सत्त्व असले पाहिजे. बाबासाहेबांचे उत्तर असे की टिकण्याचे प्रकार अनेक असतात. लढून, जिंकून टिकणे वेगळे आणि माघार घेऊन, शरण जाऊन टिकणे वेगळे. समाज जगला की मेला, यापेक्षा तो कोणत्या पातळीवर जगला, हे विचारले पाहिजे. बारा वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनेचा मसुदा संविधानसभेपुढे मांडताना त्यांनी हाच मुद्दा मेटकाफच्या खेड्याला लावला. खेडी सगळ्या उलथापालथींतून टिकली असतील, पण नुसत्या टिकण्याला किंमत नाही, असा त्यांचा रोख होता. मसुद्याने खेड्याला बाजूला सारून व्यक्ती हा घटक धरला, याचे त्यांनी समाधान मानले. सभागृहात अनेकांना ते फार झोंबले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्याची सूचना आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली, हेही नोंदवले पाहिजे. पण राज्यघटनेचा घटक म्हणून खेडे परत आले नाही.

या भाषणाचा अर्धाच भाग आपण उद्धृत करतो. गावाविषयीचा कडक भाग आपल्याला पाठ असतो. त्याच भाषणात पुढे बाबासाहेब स्वतःच्या मसुद्याचा गुण सांगतात, आणि तो गुण कोणता ? तो लवचिक आहे, आणि शांततेत व युद्धात देश एकत्र ठेवण्याइतका बळकट आहे ! म्हणजे एकाच दिवशी, एकाच भाषणात त्यांनी खेड्याच्या टिकाऊपणाला किंमत नाकारली आणि घटनेच्या टिकाऊपणाचा दावा केला. ही विसंगती आहे काय ? मला तसे वाटत नाही. या दोन टिकाऊपणांत कोण वाकते, हे पाहिले की उलगडा होतो. खेड्यात संबंध वाकत नाहीत, माणूस वाकतो. घटनेत यंत्रणा वाकू शकते. केंद्र आणि राज्ये यांचे अधिकार प्रसंगी बदलतात, कलमे दुरुस्त होतात. पण अस्पृश्यता नष्ट केली आहे, हे सतरावे कलम कोणत्याही गावाच्या सोयीसाठी वाकवायचे नाही. एकीकडे माणूस हा धक्के सोसणारा भाग आहे. दुसरीकडे ज्याला धक्का लागू नये असा भाग आहे. कोणतीही व्यवस्था टिकायची तर तिच्यातले काहीतरी वाकावेच लागते. नाड्यात ते सगळे तंतू मिळून करतात. गावाने ते काम वाटून दिले होते.

कसे वाटून दिले होते ते पाहायचे तर महारवतन पाहावे. वतनदार महाराचे काम काय, याला मर्यादा नव्हती. टपाल पोचवणे, वसूल तालुक्याला नेणे, पाहुण्या अंमलदाराची सरबराई, हद्दीची राखण, मयताचा सांगावा, मेलेले ढोर. तास ठरलेले नाहीत, रात्र-दिवस नाही. कामावरचा महार हजर नसेल तर त्याच्या घरातले माणूस धरून नेता येई. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागितलेले बलुते. गावाला कधी काय अडचण येईल हे कोणालाच सांगता येत नाही. ती अनिश्चितता सगळ्यांनी वाटून घेण्याऐवजी एका जातीच्या अंगावर टाकली की बाकीच्यांना स्थिर जगता येते. गाव लवचिक होते, कारण महाराचा दिवस महाराचा नव्हता. म्हणून तर १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले, तेव्हा ते इतके अवघड गेले. काही आपलेही लोक इनामाच्या तुकड्याला धरून बसले होते. वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

गाव सोडून शहरात गेले तर ? अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा पुष्कळ ठिकाणी अभ्यासक्रमात असते आणि पुष्कळ ठिकाणी चुकीची शिकवली जाते. वारणाकाठचा भीमा अंगापिंडाने राक्षसासारखा. पोटासाठी मुंबईला येतो, उपनगरातल्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. डोंगर फोडणारा हा गडी. याच्याहून दणकट माणूस कोठून आणायचा? एक दिवस खाण बंद होते. भीमा प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो, मग पुरलेली मढी उकरू लागतो, त्यांच्यासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी एका मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि हातची दोन बोटे जातात. आणि तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. तो धिप्पाड माणूस पोरासारखा रडतो.

वर्गात या कथेवर बहुधा भीमाच्या साहसाबद्दल, जिद्दीबद्दल प्रश्न विचारला जातो. मला वाटते कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट खाण आहे. ती बंद होते आणि उघडते. का बंद झाली, का उघडली, कोणी ठरवले, हे अण्णा भाऊ सांगत नाहीत, कारण भीमालाही ते कोणी सांगितलेले नाही. खाणमालकाच्या धंद्याला ही उघडझाप परवडते. मागणी नसेल तर बंद, असेल तर चालू. अशा धंद्याला आज 'लवचिक' म्हणतात. ती लवचिकता कोठून आली ? मधल्या काळात भीमा आपल्या अंगाच्या बळावर तग धरून राहिला म्हणून आली. खाण उघडली तेव्हा ती पूर्वीसारखीच होती. भीमाची बोटे पूर्वीसारखी नव्हती. दणकटपणाने त्याला वाचवले असे म्हणणे मला कठीण वाटते. त्या दणकटपणामुळेच तो मढ्यांपर्यंत पोचला. दुबळा माणूस कदाचित आधीच भीक मागायला लागला असता, किंवा संप करायला.

मुंबईचे 'स्पिरिट' म्हणून जे दर आपत्तीनंतर वर्तमानपत्रांतून छापले जाते, तेही याच जातीचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ११ जुलै २००६ ला लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसे लगोलग कामावर गेली आणि दोन्ही वेळा त्याचे पवाडे गायले गेले. एक दिवस घरी बसले तर त्या दिवसाचा पगार कापला जातो, हे पवाड्यात आले नाही.

आता पुन्हा आत्मकथनांकडे. मी चिवटपणाचे कौतुक नाकारतो म्हणजे आपल्या आयाबापांनी जे सोसले त्याला मोल नाही असे म्हणतो काय ? मुळीच नाही. ते जगले म्हणून आपण लिहितो आहोत. पण त्या पुस्तकांनी स्वतः कशाला मोल दिले आहे, हे तरी समीक्षकाने पाहावे. दया पवारांनी पुस्तकाचे नाव 'बलुतं' ठेवले. वाट्याला आलेल्या हिश्शाचे हे नाव आहे. त्यात सोसण्याचा गौरव कोठे आहे? ऊर्मिला पवारांच्या २००३ च्या 'आयदान' या पुस्तकाच्या नावात बांबू आहे; कोकणात महार बाया बांबूची आयदाने विणीत, लेखिकेची आईही विणी. बांबू वाकतो, हे कोणालाही दिसते. विणणारीच्या पाठीला काय होते हे पुस्तकात आहे. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहातील माणसे तर टिकतातच असे नाही. ती फुटतात, वेडीपिशी होतात, मरतात, आणि समीक्षेला म्हणून ती जड गेली. न टिकलेल्या माणसासाठी आपल्या समीक्षेजवळ शब्दच नाही. 'जिजीविषा' त्याला लावता येत नाही. मग त्याला 'अतिरेकी चित्रण' म्हणतात.

आणि हा प्रश्न बाहेरच्यांनाच विचारून भागणार नाही. चळवळीच्या टिकण्याचाही हिशेब आपण मांडला पाहिजे. नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला, साडेपंधरा वर्षे. तो कोणी चालवला ? पुढारी या गटातून त्या गटात गेले. सभेला सतरंज्या टाकणारा, पोलिसांच्या लाठ्या खाणारा, गावात बहिष्कार भोगणारा माणूस जागच्या जागी राहिला. संघटना फुटत राहिल्या आणि लढा टिकला, तो या माणसाच्या खर्चाने. त्याच्या खर्चाची नोंद आपल्याही अहवालांत नाही. सरकारी तक्त्याला हसताना हे ध्यानात असावे.

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये हा प्रश्न घरात नेला आहे, आणि मला वाटते तेथेच तो सर्वांत अवघड होतो. महारवाड्यातले दारिद्र्य, मेलेल्या ढोराच्या मटणाच्या वाटण्या, गावाचा जाच हे सगळे त्यात आहे. पण त्या महारवाड्याच्या आत आठ-नऊ वर्षांची सूनही आहे. ती पहाटे उठून भाकऱ्यांची चवड थापते, एखादी करपली की सासूची बोलणी आणि मार खाते. पळून जाऊ पाहणाऱ्या बाईचे नाकही कापले जाते. गावाने जे महारावर ढकलले ते महाराने एक पायरी खाली ढकलले. महारवाडा चिवट होता, हे खरे. त्याच्या तळाशी ही पोर होती. बेबीताई त्याबद्दल कोणाचे कौतुक करीत नाहीत. आपल्या सासवांना त्या माफही करीत नाहीत आणि राक्षसीणही ठरवीत नाहीत. सासू अशी का होते हे सांगतात.

हे त्यांनी फलटणच्या आपल्या लहानशा दुकानात बसून, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहिले. नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून कित्येक वर्षे ते लपवून ठेवले. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकातून येऊ लागले आणि १९८६ साली पुस्तक झाले. परीक्षणांतून या हकिकतीचेही 'केवढी जिद्द !' म्हणून कौतुक होते. ती वह्या का लपवीत होती, हे त्या परीक्षकांनी पुस्तकाचे घरातले प्रकरण पुन्हा उघडून वाचले तर त्यांना तेथेच लिहिलेले सापडेल.